पेणचे विनोबा, रोह्याचे चिंतामणराव: उतारवयात मन ताजं कसं राहतं?

"डॉक्टर, आता या वयात काय नवीन शिकायचं? दिवस ढकलायचे, झालं."

हे वाक्य मी दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकतो. बोलणारे आजोबा कधी बासष्टचे असतात, कधी ब्याऐंशीचे. बीपीची गोळी चालू असते, साखर बऱ्यापैकी ताब्यात असते, गुडघे कुरकुरत असतात. रिपोर्टमध्ये काळजीचं काही नसतं. तरीही सकाळी उठून काही करावंसं वाटत नाही, पेपर उघडावासा वाटत नाही, नातवाने काही विचारलं तर उत्तर द्यायचा कंटाळा येतो.

अशा वेळी मला आपल्याच जिल्ह्यातली दोन माणसं आठवतात. एकाचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा, ११ सप्टेंबर १८९५ चा. दुसऱ्याचा जन्म महाडजवळच्या नाते गावातला, १४ जानेवारी १८९६ चा. पण त्यांचं घर आणि बालपण रोह्याचं. म्हणजे दोघांत अंतर अवघ्या चार महिन्यांचं. पहिले आचार्य विनोबा भावे, दुसरे चिंतामणराव तथा सी. डी. देशमुख. दोघे गेलेही एकाच वर्षी, १९८२ मध्ये: चिंतामणराव २ ऑक्टोबरला हैदराबादेत, विनोबा १५ नोव्हेंबरला पवनारला. एक ८६ वर्षांचे, दुसरे ८७ वर्षांचे.

दोघांचे रस्ते अगदी वेगळे. एकाने शिक्षणाची प्रमाणपत्रं जाळली, दुसरा आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिला आला. एक आयुष्यभर पायी हिंडला, दुसरा रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आणि देशाचा अर्थमंत्री झाला. तरी एका बाबतीत दोघे सारखे होते. आजारपण, अपयश, जवळच्यांचे मृत्यू हे सगळं वाट्याला येऊनही त्यांचं कुतूहल शेवटपर्यंत टिकलं. ते कसं टिकलं, हे आज पाहू. त्यातलं काय आपल्याला घेता येईल आणि काय घेऊ नये, हेही पाहू.

चाळीस किलोचा माणूस आणि कुदळ

विनोबांची प्रकृती कधीच दणकट नव्हती. १९३८ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्यांचं वजन ८८ पौंडांवर आलं होतं. म्हणजे जेमतेम ४० किलो. गांधीजींनी त्यांना कामातून बाजूला होऊन तब्येत सुधारायला सांगितलं. लोक हवापालटासाठी थंड हवेच्या ठिकाणी जातात. विनोबा वर्ध्याजवळच्या पवनारला, धाम नदीच्या काठी गेले.

तिथे त्यांनी जमीन खणायला सुरुवात केली. पण कशी? पहिल्या दिवशी अगदी थोडी मिनिटं, तीही मध्ये मध्ये थांबून. मग दर दिवशी थोडी थोडी वाढ. काही महिन्यांत वजन १२८ पौंडांपर्यंत, म्हणजे ५८ किलोंच्या आसपास गेलं. आणि खणता खणता जमिनीतून राम-भरत भेटीचं एक जुनं शिल्प निघालं! ते आजही पवनारच्या आश्रमात आहे.

शिल्प सगळ्यांना सापडणार नाही. पण "थोडं करा, थांबा, उद्या किंचित जास्त करा" ही पद्धत आजही हृदयविकारानंतर किंवा मोठ्या आजारातून उठलेल्या रुग्णाला आम्ही सांगतो. बहुतेक जण इथेच चुकतात. पहिल्या दिवशी उत्साहात चार किलोमीटर चालतात, दुसऱ्या दिवशी पाय धरतात, तिसऱ्या दिवशी सोडून देतात. मग "मला चालणं झेपत नाही" असं मनात कायमचं बसतं.

तुरुंगात चार भाषा

१९४२ च्या आंदोलनात विनोबांना अटक झाली. त्यांना वेल्लोरच्या तुरुंगात ठेवलं होतं. वय ४७. तिथे ते तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषा एकाच वेळी शिकायला बसले. कुराण मुळातून वाचता यावं म्हणून अरबीचाही त्यांनी अभ्यास केला होता.

पुढे १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. आज या वयात आपण निवृत्तीचा हिशेब मांडायला लागतो. विनोबा तिथून पुढची जवळजवळ तेरा वर्षं देशभर पायी फिरले आणि १९६४ मध्ये पवनारला परतले, तेव्हा अडुसष्ट पूर्ण झाली होती. पोटात जुना अल्सर होता, त्यामुळे खाणं मोजकं: दही, दूध, मध, थोडं थोडं करून. वाटेत परदेशी सोबती भेटले की त्यांची भाषा समजून घ्यायला ते बसत. जपानी आणि जर्मन ते असेच शिकू लागले. शिकवणारे वयाने त्यांच्याहून कितीतरी लहान असत. त्यांच्यापुढे विद्यार्थी व्हायला विनोबांना कमीपणा वाटत नसे.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. म्हातारपणी शिकणं थांबतं ते पुष्कळदा मेंदू थकल्यामुळे नव्हे, तर "आता मी लहानांना विचारायचं?" या संकोचामुळे. मोबाईलवरून पैसे कसे पाठवायचे हे नातीला विचारायला आजीला लाज वाटते. एकदा विचारलं, चुकलं, पुन्हा विचारलं तर नात वैतागेल अशी भीती वाटते. मग आजी ते कामच सोडून देते.

विनोबांच्या स्वभावात खेळकरपणाही होता. 'गीताई' हे नावच पाहा: गीता आणि आई. आईला संस्कृत गीता समजत नव्हती, तिला सोप्या मराठीत गीता हवी होती. आई १९१८ मध्ये गेली. मुलाने तिची इच्छा १९३०-३१ मध्ये पूर्ण केली आणि नावात तिला कायमचं बसवलं. शब्द फोडायचे, जोडायचे, त्यांच्याशी खेळायचं ही त्यांची जन्माची सवय. अफगाणिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन या टोकांमधल्या देशांनी एकत्र यावं असं त्यांना वाटे. त्या कल्पनेलाही त्यांनी इंग्रजी आद्याक्षरांवरून 'ए-बी-सी त्रिकोण' असं नाव देऊन टाकलं. उतारवयात ऐकू कमी येऊ लागलं, तेव्हा लोक प्रश्न लिहून देऊ लागले. संवाद थांबला नाही, फक्त त्याची पद्धत बदलली.

औषध नाकारलं, मग घेतलं

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा. डिसेंबर १९५२ मध्ये आजच्या झारखंडमधल्या चांडिल इथे विनोबांना गंभीर मलेरिया झाला. त्यांनी आधी औषध घ्यायला नकार दिला. प्रकृती खालावत गेली. देशभरातून विनंत्या आल्या, त्यात पंडित नेहरू आणि राजेंद्रबाबूही होते. शेवटी त्यांनी औषध घेतलं आणि ते बरे झाले.

ते औषध घेतलं नसतं तर भूदानाची पुढची जवळपास अकरा वर्षं झालीच नसती. म्हणून मनोबळाच्या गोष्टी वाचून कुणी गोळ्या बंद करू नयेत. "मन खंबीर असलं की आजार पळतो" असं मी कधीही म्हणणार नाही. मन उत्साही ठेवायचं आणि बीपीची गोळीही वेळेवर घ्यायची. विनोबांचा आहार त्यांच्या अल्सरसाठी होता, त्याचीही कुणी नक्कल करू नये. आयुष्याच्या शेवटी, हृदयविकाराच्या झटक्यानंतर, त्यांनी अन्न आणि औषध दोन्ही थांबवलं. तो त्यांचा वैयक्तिक, विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. त्यावर वेगळं बोलता येईल. आजचा विषय तो नाही.

रोह्याचा मुलगा, संस्कृत आणि बाग

आता कुंडलिकेच्या काठी येऊ. चिंतामणराव १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञान घेतलं आणि वनस्पतिशास्त्रात पारितोषिक मिळवलं. त्यानंतर सरकारी नोकरी, १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँक, मग अर्थमंत्रिपद. सगळा कारभार आकड्यांचा. पण शाळेतलं संस्कृत आणि कॉलेजातल्या वनस्पती, या दोन गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठी अनुवाद केला. बागकाम तर जन्मभर चाललं.

आता त्यांच्या पडत्या काळाकडे पाहा. पन्नाशीनंतर पहिल्या पत्नी रोझिना यांचं निधन झालं. १९५६ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या धोरणाला विरोध म्हणून त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ते तेव्हा आपल्याच कुलाबा मतदारसंघातून निवडून आलेले खासदार होते. कारकिर्दीच्या ऐन शिखरावर खुर्ची सोडलेल्या साठीच्या माणसाचं पुढे काय होतं, हे आपण आपल्या आजूबाजूला पाहतो. फोन वाजायचे थांबतात. घरात चिडचिड वाढते.

चिंतामणरावांनी पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, गांधीजींच्या वचनांचं संस्कृत श्लोकांत रूपांतर प्रसिद्ध केलं: 'गांधीसूक्तिमुक्तावली'. विद्यापीठ अनुदान आयोगाचं काम ते पाहत होतेच. दिल्लीतलं इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभं करण्यात त्यांचा पुढाकार होता. ६६ व्या वर्षी ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि हरले, तेही तिसऱ्या क्रमांकावर. त्याच सुमारास त्यांच्या स्वतःच्या संस्कृत कवितांचा संग्रह आला. ७८ व्या वर्षी आत्मचरित्र आलं.

दुसरा विवाह त्यांनी १९५३ मध्ये दुर्गाबाईंशी केला होता. दुर्गाबाई स्वतः घटना समितीच्या सदस्य आणि आंध्र महिला सभेच्या संस्थापक. १९७५ मध्ये पती-पत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळालं. दुर्गाबाईंनीही सत्तरी ओलांडल्यावर, १९८० मध्ये, दोघांच्या सहजीवनावर 'चिंतामण अँड आय' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी, ९ मे १९८१ रोजी, त्या गेल्या. त्यानंतर चिंतामणराव दीड वर्षाच्या आतच गेले. इतका कर्तबगार माणूसही जोडीदाराच्या जाण्याचं दुःख चुकवू शकत नाही, हे लक्षात ठेवलं पाहिजे. छंद असला की दुःख होत नाही असं नसतं. दुःखाच्या दिवसांत हाताला धरायला काहीतरी असतं, इतकंच.

यात मेंदूचं शास्त्र काय सांगतं?

मेंदूच्या पेशी वयानुसार कमी होतात, हे खरं. पण पेशींमधले जोड शेवटपर्यंत बदलत राहतात. नवीन गोष्ट शिकताना हे जोड बळकट होतात, काही नव्याने तयार होतात.

अमेरिकेत १९८६ मध्ये जोगिणींवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. ६७८ वयस्कर जोगिणींनी दरवर्षी स्मरणशक्तीची चाचणी दिली आणि मृत्यूनंतर मेंदू तपासायला परवानगी दिली. काही जणींच्या मेंदूत अल्झायमरचे स्पष्ट बदल दिसले, पण हयात असताना त्यांची बुद्धी चांगली चालत होती. याला 'मेंदूची शिल्लक' म्हणता येईल. आयुष्यभर वाचन, शिक्षण, लोकसंपर्क यातून ही शिल्लक जमते आणि आजार आला तर काही काळ ती उपयोगी पडते. बँकेतल्या ठेवीसारखंच हे आहे: लवकर सुरू केलं तर उत्तम, पण साठीनंतर भरलेली रक्कमही फुकट जात नाही.

चालण्याचाही संबंध आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० वयस्कर लोकांपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस भरभर चालण्याचा व्यायाम केला. त्यांच्या मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला दिसला. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत इतका स्पष्ट फरक दिसलेला नाही. पण चालण्याने हृदय, साखर, झोप आणि मनःस्थिती सुधारते याबद्दल शंका नाही.

२०२४ मध्ये 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञगटाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं मांडली. त्यात बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांच्याबरोबर बहिरेपणा, कमी दिसणं, नैराश्य आणि एकटेपणाही आहे. ही सगळी कारणं जगभर दूर करता आली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि कानाचं मशीन हीसुद्धा मेंदूचीच काळजी आहे.

"ते थोर होते, आमचं काय?"

हा प्रश्न रास्त आहे. म्हणून परत गागोद्याला जाऊ. विनोबांनी लहानपणची एक आठवण सांगितली आहे. त्यांचे आजोबा गणपतीची मूर्ती घरीच चंदनाच्या गंधाची करत आणि मुलं चंदन उगाळायला बसत. पूजा झाली की तीच मूर्ती पाण्यात सोडायची. एवढी मेहनत, आणि शेवटी विसर्जन! पण पुढच्या वर्षी आजोबा पुन्हा नव्याने मूर्ती करायला घेत.

पेणमध्ये राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आपल्या गणपतीच्या कारखान्यांत, हमरापूर-जोह्याच्या घराघरांत, दरवर्षी हेच चालतं. डोळ्यांची आखणी अनेकदा जुन्या, अनुभवी हाताकडे असते. तो हात सही करताना थरथरत असेल, पण ब्रश धरला की स्थिर होतो. त्यासाठी पदवी लागत नाही, पैसा लागत नाही. पोह्याचे पापड लाटताना या वर्षी मिरी थोडी जास्त घालून पाहू, असं म्हणणाऱ्या आजीचा मेंदूही तेच काम करत असतो. प्रयोग करून पाहावासा वाटणं महत्त्वाचं.

दोघांच्या चरित्रातून मला दिसलेली गोष्ट एकच आहे. कुतूहल त्यांना म्हातारपणी अचानक सापडलं नाही. ते रोजच्या दिवसात एका ठरलेल्या जागी बसवलेलं होतं, म्हणून बाकी सगळं कोसळलं तेव्हाही तेवढी जागा शाबूत राहिली.

तुम्ही काय करू शकता?

* एक जुनी आवड शोधा. शाळेत काय आवडायचं ते आठवा. भजन, चित्र, गणित, बुद्धिबळ, झाडं, काहीही. नवीन छंदापेक्षा जुन्याचा धागा पकडणं सोपं जातं.
* वेळ ठरवा, तीही थोडी. सुरुवातीला रोज दहा मिनिटं पुरे. कुदळीचा नियम लक्षात ठेवा.
* लहानांकडून शिका. नातवंडाकडून मोबाईलमधली एक गोष्ट शिका आणि बदल्यात त्याला एक गोष्ट शिकवा. चुकलात तर दोघे मिळून हसा.
* चाला. झेपेल तसं वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जा. तोल सांभाळण्याचे सोपे व्यायामही करा. पडण्याचा धोका कमी होतो. हृदयविकार, दमा किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
* कान आणि डोळे तपासून घ्या. टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल तर ते वय म्हणून सोडून देऊ नका.
* माणसांत जा. भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालय, पारावरच्या गप्पा, काहीही चालेल.

आणि घरच्यांसाठी

आजवर उत्साही असलेल्या आई-वडिलांचा रस दोन आठवड्यांहून जास्त काळ गेलेला दिसला, झोप-भूक बदलली, रडू येऊ लागलं, किंवा "मी ओझं झालोय" असं बोलणं सुरू झालं, तर "वय झालं" म्हणून दुर्लक्ष करू नका. हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. कधी थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, रक्तक्षय किंवा एखाद्या औषधाचा परिणामही असतो. साध्या तपासणीत तो कळतो. जीव नकोसा झाल्याचं बोलत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे या, त्यांना एकटं सोडू नका. ओळखीची वाट चुकणं, पैशांचे हिशेब अचानक न जमणं, तेच तेच विचारणं दिसलं तरीही तपासणी करून घ्या. आणि कृपा करून, "तुम्हाला नाही जमणार, द्या इकडे" हे वाक्य घरात कमी वापरा. हातातलं काम काढून घेणं ही मदत वाटते. पण ऐकणारा हळूहळू प्रयत्नच सोडतो.

पुढच्या वेळी तपासायला याल तेव्हा रिपोर्टांच्या फाईलबरोबर एक गोष्ट मला नक्की सांगा: गेल्या महिन्यात तुम्ही नवीन काय करून पाहिलं? जमलं नसलं तरी चालेल.

*(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजाराबद्दलचा आणि औषधांबद्दलचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)*